पडण्याचा रियाज

हे सावकाश वाचा. वाचता वाचता डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

आधी एक फळी नजरेसमोर आणा. मेपलच्या लाकडाचे सात पातळ थर चिकटवून, दाबून केलेली. लांबी सुमारे 80 सेंटिमीटर, रुंदी 20. दोन्ही टोकं जराशी वर वळलेली. खाली चार छोटी चाकं, वर पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद चिकटवलेला. बस्स, एवढंच. पाय अडकवायला पट्टा नाही, धरायला दांडा नाही, ब्रेक नाही.

मी कधी स्केटबोर्डवर उभी राहिलेले नाही, आणि आता या वयात राहणारही नाही. पण ती फळी चालवणाऱ्यांचे व्हिडिओ मी बरीच वर्षं पाहत आले आहे. त्यांच्यामागून जाता जाता मी जुन्या मूकपटांपाशी पोचले, तिथून विनोदी नटांपाशी, आणि मग आपल्याच खोलीत कॅमेरा लावून बोलणाऱ्या तरुण पोरांपाशी. ही सगळी मंडळी मला एकाच घरातली वाटतात. का वाटतात, ते आज तुमच्यासोबत बसून पाहायचं आहे.

तर ती फळी. तिच्यावर उभं राहून, हात न लावता, तिला पायांसकट हवेत उचलायचं आहे. कसं उचलाल? क्षणभर विचार करा.

उत्तर असं आहे: मागच्या पायाने फळीच्या शेपटीवर फटका मारायचा. शेपूट जमिनीवर आपटते, पुढचं टोक उसळतं. त्याच क्षणी पुढचा पाय खरखरीत कागदावरून घासत वर सरकवायचा. तो फळीला सोबत ओढतो आणि हवेतच आडवी करतो. वर जायचं तर आधी खाली दाबायचं. या उडीला 'ऑली' म्हणतात. 1970 च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडातल्या ॲलन गेल्फंड या मुलाने ती काँक्रीटच्या खोलगट भिंतींवर बसवली. ऑली हे त्याचं टोपणनाव. सपाट जमिनीवर, भिंतीच्या उताराची कुठलीही मदत न घेता ती करून दाखवली रॉडनी मलनने, 1982 मध्ये. पुढच्याच वर्षी त्याने फळी हवेत तिच्या लांबीभोवती गर्रकन फिरवून पुन्हा पायांखाली घेतली. ती किकफ्लिप. आज जगातल्या कुठल्याही रस्त्यावर एखादं पोर फळी घेऊन धडपडताना दिसलं, तर ते बहुधा या दोनपैकी एका गोष्टीसाठीच धडपडत असतं.

मलनचा जन्म 1966 चा. फ्लोरिडातच, पण समुद्रकिनाऱ्यापासून दूर, शेतावर वाढलेला. आजूबाजूला माणसं कमी आणि गुरं जास्त. वडील कडक. 1977 च्या पहिल्या दिवशी त्यांनी फळी घ्यायला होकार दिला तो अटीवर: सगळं संरक्षक सामान घालायचं, आणि पहिली गंभीर दुखापत झाली की हा खेळ बंद. आता हे जरा मनात मुरू द्या. ज्या खेळात पडल्याशिवाय काहीच येत नाही, तो खेळ दहा वर्षांच्या पोराने न मोडता खेळायचा. साहजिकच तो उंच भिंतींवरून झेपा घेणाऱ्यांतला झाला नाही. त्याने सपाट जमीन धरली आणि गॅरेजच्या फरशीवर तासन्‌तास एकट्याने फळीशी खेळत बसला. चौदाव्या वर्षी, 1980 मध्ये, तो 'फ्रीस्टाइल' या सपाट जमिनीवरच्या प्रकारात जगज्जेता होता आणि पुढची दहाएक वर्षं जवळजवळ प्रत्येक स्पर्धा त्याने जिंकली.

इथवरची गोष्ट मला फारशी हलवत नाही, हे कबूल करते. हुशार मूल, एकांत, कष्ट, अजिंक्यपद. असल्या गोष्टींनी शाळेच्या भिंती भरलेल्या असतात. मला थांबवतं ते पुढचं.

1990 च्या सुमारास फ्रीस्टाइल हा प्रकारच संपला. स्पर्धा बंद, पैसा बंद, प्रेक्षक निघून गेले. पोरांना आता रस्ता हवा होता: पायऱ्या, कठडे, लोखंडी रेलिंग. पंचविशीच्या आतबाहेरचा मलन एका मेलेल्या कलेचा सम्राट होऊन बसला. माइक टर्नास्की नावाच्या माणसाने त्याला आपल्या 'प्लॅन बी' या चमूत घेतलं आणि रस्त्यावर उतरवलं. मोठी फळी, मोठा वेग, वेगळी उभं राहण्याची तऱ्हा. ज्या वयात त्याच्या बरोबरीचे लोक आठवणी सांगायला लागले होते, त्या वयात तो पोरासोरांच्या रांगेत उभा राहून ठेचकाळत शिकला. 1992 च्या 'क्वेश्चनेबल' या व्हिडिओत त्याचा भाग पाहा. गॅरेजच्या फरशीवरची सगळी विद्या रस्त्याच्या वेगात आलेली दिसते.

आणि हेही एकदाच झालं नाही. अनेक वर्षांच्या आपटण्याने त्याच्या उजव्या खुब्याभोवती जखमांचे कठीण व्रण आतल्या आत साचत गेले आणि पाय जखडला. चालणंसुद्धा अवघड झालं. पुढची काही वर्षं तो रात्री एकटा, स्वतःच्याच शरीरावर जोर लावत, ते साचलेलं मोडत राहिला. कुणीही करू नये असा तो प्रकार आहे, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण पाय मोकळा झाल्यावर त्याने काय ठरवलं ते ऐका.

त्यासाठी जरा एक करून पाहा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. कुठला अंगठा वर आला? आता बोटं सोडवा आणि दुसरा अंगठा वर येईल अशी, प्रत्येक बोट एकेक घर सरकवून, पुन्हा गुंफा. तसेच बसा थोडा वेळ. हात तुमचेच आहेत, तरी कुणा परक्याचे हातात घेतल्यासारखे वाटतात ना? त्या अवघडलेपणापासून पळू नका. दहा श्वास तरी तसेच राहा.

फळीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचा एक पाय असाच ठरलेला असतो. डावा पुढे, नाहीतर उजवा पुढे. पहिल्या दिवशी शरीर जे निवडतं त्यावर पुढचं सगळं कसब रचलं जातं. उलट्या पायाने खेळणं चांगल्या खेळाडूंना जमतं, पण ते उलटं आहे हे पाहणाऱ्याला कळतं. खांद्यात, मानेत कुठेतरी ते दिसतं. मलनने चाळिशी ओलांडल्यावर ठरवलं की हा फरकच पुसून टाकायचा. कुठलाच पाय 'आपला' नाही, कुठलीच बाजू सुलट नाही. म्हणजे पहिल्या दिवशीची ती निवडसुद्धा मागे घ्यायची. 2016 मध्ये स्टीव्हन सेब्रिंगने त्याच्यावर 'लिमिनल' हा छोटा चित्रपट केला. सभोवती लावलेल्या कॅमेऱ्यांच्या वर्तुळात पन्नाशीचा हा माणूस फळी फिरवताना दिसतो.

मी त्याच्याकडून काही घेत असेन तर ते हे. त्याच्या शोधांची यादी नाही. दोनदा, तीनदा नवशिका होण्याची तयारी. आणि नवशिका होणं म्हणजे नम्र वगैरे होणं नव्हे, त्यात भावनेचा भाग फार कमी आहे. नवशिका होणं म्हणजे शब्दशः पुन्हा पडायला लागणं.

आता पडण्याकडेच वळू. शंभर वर्षं मागे जा.

बस्टर कीटन, जन्म 1895. आईवडील नाट्यगृहांतून विनोदी कसरती करणारे. पोरगं चालायला लागलं तसं तेही खेळात आलं. वडील त्याला रंगमंचावर उचलून फेकत, पडद्यावर, पडद्यामागे, कधी वादकांच्या अंगावर. फेकायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीशी सुटकेसची मूठ शिवलेली असे. आज हे वाचताना पोटात कालवतं, आणि कालवावं. त्या मुलाने मात्र तिथे एक निरीक्षण केलं, जे पुढे जगभरच्या विनोदाच्या कामी आलं: फेकलं गेल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात. चेहरा कोरा ठेवला तर सभागृह हसून कोसळतं. मग पुढे तो पडद्यावर जवळजवळ कधीच हसला नाही.

1928 चा 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर'. वादळ सुटलेलं आहे. कीटन एका दुमजली घरासमोर, पाठ करून, भांबावून उभा आहे. घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते आणि त्याच्यावर कोसळते. भिंत खरी, वजन टनांत. वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर तो उभा आहे तिथे येते. तो वाचतो, कारण उभं राहायची जागा आधी मोजून आखलेली होती आणि खिडकीच्या चौकटीने त्याच्याभोवती काही इंचांचंच अंतर सोडलं होतं.

हा प्रसंग मनात एकदा सावकाश चालवा. भिंतीकडे नको, माणसाकडे बघा. त्याचं काम काय आहे? काहीही न करणं. दचकायचं नाही, खांदा आकसायचा नाही, एक पाऊलही हलायचं नाही. लहानपणापासून पडण्याचा रियाज केलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा प्रसंग न पडण्याचा आहे. त्याच्या अंगात भीती नव्हती असं मला वाटत नाही. कुठे उभं राहायचं हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

पण सगळंच मोजलेलं नव्हतं. चार वर्षं आधी, 'शेरलॉक ज्युनिअर'मध्ये, रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळातून पाण्याचा लोंढा त्याच्यावर आला, तो रुळावर आपटला आणि मान आदळली. डोकं दुखत राहिलं, तो काम करत राहिला. मानेचं हाड मोडलं होतं हे काही वर्षांनी क्ष-किरण तपासणीत कळलं. अशा कहाण्या प्रेरणादायी म्हणून सांगायची आपल्याकडे मोठी हौस आहे. मला त्यात प्रेरणा दिसत नाही. आखून घेतलेली भिंत आणि न आखलेलं पाणी, या दोहोंतला फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि कीटनलाही भिंतच दाखवायला आवडली असती. 1928 मध्ये तो मोठ्या स्टुडिओच्या नोकरीत गेला, स्वतःच्या चित्रपटांवरचा ताबा गमावून बसला आणि तीच आपली सर्वांत मोठी चूक, असं पुढे म्हणत राहिला.

कीटनला गुरू मानणारा जॅकी चॅन 1983 च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतं फाडत खाली येतो. त्याच्या चित्रपटांच्या शेवटी श्रेयनामावलीसोबत फसलेली दृश्यं दाखवतात: चुकलेल्या उड्या, सुजलेले घोटे, धावत येणारी माणसं. स्केटबोर्डच्या व्हिडिओंतही असा भाग असतो. दोन सेकंदांच्या एका उडीमागचं आपटणं, फळी भिरकावणं, शिव्या, मग पुन्हा चालत मागे जाणं. मला वाटतं, या दोन जगांनीच प्रेक्षकांना फसलेला प्रयत्न मुद्दाम पाहायला शिकवलं.

आणि आता त्या दुसऱ्या माणसाकडे लक्ष द्या, जो दिसत नाही.

प्रत्येक उडीसमोर एक कॅमेरेवाला असतो. बहुतेक वेळा मित्रच. तोही फळीवर असतो, गुडघे वाकवून, कॅमेरा जमिनीलगत धरून, उडी मारणाऱ्याच्या मागोमाग त्याच वेगाने. मित्र पडला की हाही थांबतो. पुन्हा. पुन्हा. दुपार जाते. इमारतीचा रखवालदार येऊन हाकलतो. दुसऱ्या दिवशी दोघं परत येतात. पडणाऱ्याच्या चिकाटीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. थांबून राहणाऱ्याच्या चिकाटीबद्दल कुणी लिहीत नाही. तुमच्या आयुष्यात असं कुणी आहे का, जे तुमच्या फसण्याच्या वेळी समोर उभं होतं आणि कंटाळून निघून गेलं नाही? नाव आठवू द्या. घाई नाही.

स्पाइक जोन्झ असा कॅमेरेवाला होता. सायकल आणि स्केटबोर्डच्या मासिकांसाठी फोटो काढणारा पोरगा. 1991 मध्ये त्याने 'व्हिडिओ डेज' हा स्केटबोर्डचा व्हिडिओ केला, 1999 मध्ये 'बीइंग जॉन माल्कोविच' हा चित्रपट, आणि 2013 च्या 'हर'च्या पटकथेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. मधे, 2003 मध्ये, तो पुन्हा मित्रांकडे परतला आणि 'येह राइट!' या व्हिडिओसाठी त्याने फळ्या हिरव्या रंगवून संगणकावर पुसून टाकल्या. पोरं नुसत्याच बुटांवर हवेत तरंगत, पायऱ्या उतरत जाताना दिसतात. खट्याळपणा आहे, पण बघताना मी गप्प झाले होते. फळी काढून घेतल्यावर उरतो तो शरीराने कमावलेला तोल, आणि तो उघडा पडलेला दिसतो.

दुसरा बिंग लिउ. अमेरिकेतल्या रॉकफर्ड या गावातला. मित्रांचं स्केटिंग तो किशोरवयापासून चित्रित करत होता. वर्षांनुवर्षं जमलेल्या त्या चित्रणातून 2018 मध्ये 'माइंडिंग द गॅप' हा माहितीपट झाला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. पहिली काही मिनिटं फक्त वेग आहे, रिकाम्या रस्त्यांवरून सरकणारा. मग हळूहळू कळतं की ही मुलं घरातल्या मारहाणीपासून पळत रस्त्यावर आली होती. आणि मग कॅमेरेवाला स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन आपल्या आईला विचारतो, माझ्या बाबतीत ते घडत होतं तेव्हा तुला काय ठाऊक होतं. तोवर तो तरबेज कॅमेरेवाला असतो. त्या खुर्चीत बसल्यावर तो नवशिका होतो. प्रश्न नीट विचारता येत नाही, हात कुठे ठेवावेत कळत नाही. आजवर मी पाहिलेल्या माहितीपटांत इतकं धाडसाचं पडणं मी पाहिलेलं नाही.

बोलून विनोद करणाऱ्याचं पडणं दिसत नाही, ऐकू येतं. वाक्य संपतं, आणि सभागृह गप्प. पुलंची 'बटाट्याची चाळ' पाहिलेल्या, निदान ऐकलेल्या आपल्या लोकांना एकट्या माणसाने रंगमंच भरून टाकणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. पण गप्प सभागृहाची ती शांतताच भरभरून वापरायचं ठरवलं तर? अमेरिकेत स्टीव्ह मार्टिनने साठच्या दशकाच्या अखेरीस हाच विचार केला. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेला हा जादूगार पोरगा. त्याला वाटलं, विनोदाच्या शेवटी जी ठरलेली कलाटणी असते, जिथे लोक सवयीने हसतात, तीच काढून टाकू. ताण निर्माण करू आणि सोडवणारच नाही. आपली हसायची जागा लोकांना स्वतःच शोधू दे. साहजिकच बरीच वर्षं कुणी हसलं नाही. त्याच्या आठवणींच्या पुस्तकात हिशेब आहे: 10 वर्षं शिकण्यात, 4 घासूनपुसून घेण्यात, 4 अफाट यशात. शेवटी हजारोंच्या मैदानांत लांबूनही दिसावं म्हणून तो पांढरा सूट घालायचा. आणि 1981 मध्ये, शिखरावर असताना, त्याने तो खेळ थांबवला आणि चित्रपट नावाच्या दुसऱ्या गोष्टीकडे पूर्णपणे वळला.

बो बर्नहॅम त्याच्या नातवाच्या पिढीतला. 2006 मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने झोपायच्या खोलीत बसून गायलेली गमतीची गाणी यूट्यूबवर टाकली आणि जगाला ठाऊक झाला. पुढे रंगमंचावर त्याला घाबरगुंडीचे झटके येऊ लागले. 2016 नंतर त्याने प्रेक्षकांसमोर जाणं सोडलं. महासाथीच्या काळात एका खोलीत स्वतःला कोंडून, लेखन-दिग्दर्शन-चित्रण-संकलन सगळं एकट्याने करत 'इन्साइड' केलं, ते 2021 मध्ये आलं. त्यात एका गाण्यावर तो स्वतःच प्रतिक्रिया देतो, मग त्या प्रतिक्रियेवर प्रतिक्रिया, मग तिच्यावर आणखी एक. हसता हसता आपल्या हातातला फोन जड वाटायला लागतो.

ऑनलाइन व्हिडिओंबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. न्यूयॉर्कच्या केसी नाइस्टॅटने मार्च 2015 पासून रोज एक व्हिडिओ टाकला, शहरातून विजेच्या स्केटबोर्डवर फिरत, आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये हा रतीब बंद केला. रोजच्या त्या रतीबात मला माणूस दमताना दिसतो, रियाज दिसत नाही. पण त्याचाच 2011 चा एक छोटा व्हिडिओ मला फार प्रिय आहे. सायकलसाठी आखलेली पट्टी सोडून चालवल्याबद्दल त्याला पोलिसाने दंड केला. मग त्याने ठरवलं, पट्टी सोडायची नाही. वाटेत जे काही उभं असेल, ट्रक, टॅक्सी, बांधकामाचं सामान, त्यावर तो सरळ जाऊन धडकतो आणि पडतो. शेवटी पोलिसांच्या गाडीवर. हा तर थेट कीटनच! फरक इतकाच की पडण्यातून तो शहराच्या कारभाराचा पंचनामा करतो.

आता आणखी एक दृश्य पाहू. टोकियो ऑलिम्पिक, 4 ऑगस्ट 2021. स्केटबोर्डचं ऑलिम्पिकमधलं हे पहिलंच वर्ष. महिलांच्या 'पार्क' प्रकाराची, म्हणजे काँक्रीटच्या खोलगट भिंतींवरच्या खेळाची, अंतिम फेरी. जपानची मिसुगु ओकामोतो, वय 15, पदकाची पहिली दावेदार. शेवटच्या फेरीत ती सोपी, खात्रीची उडी मारून पदक घेऊ शकली असती की नाही, तो हिशेब पंडितांनी करावा. तिने अवघड ते केलं आणि पडली. चौथी आली. रडत बाहेर आली, तर प्रतिस्पर्धी मुलींनी तिला मिठीत घेतलं आणि खांद्यावर उचललं. त्या मुलींना ती उडी किती वेळा पडल्यावर बसते ते ठाऊक होतं. बाकीच्या जगाला फक्त चौथा क्रमांक दिसला.

आपल्याकडे ही फळी उशिरा आली, पण आली. मंजरी माकिजानी यांच्या 2021 च्या 'स्केटर गर्ल' चित्रपटासाठी राजस्थानातल्या खेमपूर गावात खरं स्केटपार्क बांधलं गेलं आणि चित्रीकरण संपल्यावर ते गावातल्या मुलांसाठी राहिलं. 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक घेतलं. तुमच्या गल्लीत एखादी मुलगी काँक्रीटवर फळी आपटत असेल आणि आवाजाचा त्रास होत असेल, तर कृपा करून तिला लगेच हाकलू नका. तिला आणखी काही दुपारी द्या.

आणि सवड काढून 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' पाहा. इंटरनेटवर फुकट मिळतो, जेमतेम सव्वा तासाचा आहे. भिंतीचा प्रसंग अगदी शेवटाकडे आहे. सरकवत थेट तिथे जाऊ नका.